घराचा नकाशा स्वतः काढताय? आधी न छापणाऱ्या मदतरेषा आखा

आमचं घर कराडजवळच्या ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटवर उभं आहे. त्याचा पहिला नकाशा मी स्वतः संगणकावर काढला. मी वास्तुविशारद नाही, शाळेत गणित शिकवते. मंजुरीचं ड्रॉइंग अर्थातच परवानाधारक इंजिनिअरने केलं, आणि ते त्यांनीच करायचं असतं. पण खोल्या कुठे, जिना कुठे, स्वयंपाकघराचा ओटा कुठल्या भिंतीला हे घरातल्या चौघांना समोरासमोर बसून ठरवायचं होतं. त्यासाठी हाताशी मापात काढलेला नकाशा हवा होता.

पहिले तीन आठवडे मी थेट भिंती काढत बसले. एक खोली सरकवली की चार भिंतींची मापं बिघडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग इंजिनिअरच्या कार्यालयातल्या ड्राफ्ट्समनने एकच प्रश्न विचारला, "तुमच्या आखणीच्या रेषा कुठे आहेत?" त्या नव्हत्याच. गवंडी भिंत उचलण्याआधी दोरी बांधतो. दोरी घराचा भाग नसते, पण प्रत्येक वीट तिच्याकडे बघून बसते. नकाशातही अशी दोरी लागते. ती पडद्यावर दिसते, तिला धरून भिंती काढता येतात, कागदावर मात्र ती उमटत नाही. या लेखात मी तिला मदतरेषा म्हणणार आहे.

आधी एका शब्दाबद्दल. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईला 'प्लॉट' म्हणतात, आणि आपण जमिनीच्या तुकड्यालाही प्लॉट म्हणतो. माझा यात बराच गोंधळ झाला होता. इथे प्लॉट म्हणजे जमीन, आणि कागदावर काढणं म्हणजे छपाई.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मोजणी नकाशाची 'क' प्रत, किंवा एन.ए. लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर लेआउटचा नकाशा
- सातबारा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड (क्षेत्रफळ ताडून बघायला)
- आपल्या प्लॉटला लागू होणारी सामासिक अंतरं, म्हणजे चारी बाजूंनी सोडायची मार्जिनं. रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि इमारतीची उंची यांवर ती बदलतात, म्हणून शेजाऱ्याचा आकडा घेऊ नका. इंजिनिअरकडून किंवा नगरपालिकेतून लेखी घ्या.
- सॉफ्टवेअर. लिब्रेकॅड मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. इंजिनिअरकडे बहुतेक ऑटोकॅड असतं. मी घरी लिब्रेकॅड वापरलं आणि त्यांच्या कार्यालयात ऑटोकॅड, म्हणून दोन्हींची पद्धत देते.
- मापाची टेप. कागदावरच्या मापांवर विसंबण्याआधी प्लॉटच्या चारी बाजू आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजा.

१. एकक ठरवा आणि पूर्ण आकारात काढा

बोलताना आपण फुटांत बोलतो, मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये असतो आणि गवंडी इंच-सूत धरतो. नकाशाला एकच एकक हवं. मी मिलिमीटर घेतलं. १ फूट म्हणजे ३०४.८ मिमी, म्हणजे ३० फूट झाले ९१४४ मिमी आणि ५० फूट १५,२४० मिमी.

नवख्या माणसाला वाटतं की कागद लहान असल्यामुळे नकाशाही लहान काढायचा. तसं करू नका. पडद्यावर सगळं खऱ्या मापात काढा, १:१०० किंवा १:५० हे प्रमाण फक्त छपाईच्या वेळी येतं. लिब्रेकॅडमध्ये चालू ड्रॉइंगच्या सेटिंगमध्ये जाऊन एकक मिलिमीटर आहे ना ते बघा. ऑटोकॅडमध्ये नवी फाईल उघडताना आयएसओ टेम्प्लेट निवडलं की मिलिमीटरच मिळतं.

२. मदतरेषांसाठी स्वतंत्र लेयर करा, आणि त्याची छपाई बंद करा

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. भिंती एकावर, दारं-खिडक्या दुसऱ्यावर, मापं तिसऱ्यावर आणि मदतरेषा त्यांच्या स्वतःच्या कागदावर.

ऑटोकॅडमध्ये लेयरची यादी उघडा आणि नवा लेयर करा. त्याच्या ओळीत छोट्या प्रिंटरचं चिन्ह असतं, त्यावर एकदा क्लिक केलं की त्यावर बंदीची खूण येते. आता या लेयरवरचं सगळं पडद्यावर दिसेल, कागदावर येणार नाही.

लिब्रेकॅडमध्ये लेयरच्या नावाशेजारी चार चिन्हं असतात: दिसणं, कुलूप, छपाई आणि आखणीचा लेयर. शेवटचं चिन्ह चालू केलं की त्या लेयरवरच्या सरळ रेषा आपोआप अमर्याद लांबीच्या होतात आणि छापल्या जात नाहीत. पहिल्यांदा मी दोन इंचांची रेषा काढली आणि ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली तेव्हा काहीतरी बिघडलं असं वाटून मी फाईल बंद केली होती. बिघडलेलं काही नसतं, रेषा तशीच हवी असते.

लेयरचं नाव 'झेड' या रोमन अक्षराने सुरू करा, म्हणजे तो यादीत सगळ्यात खाली राहील आणि चुकून त्यावर क्लिक होणार नाही. नावात आपल्या घराची काहीतरी खूणही ठेवा. कारण हे: एका ड्रॉइंगमधलं दुसऱ्यात पेस्ट करताना तिथे त्याच नावाचा लेयर आधीपासून असेल, तर तिथल्या लेयरची सेटिंग लागू होते. इंजिनिअरच्या फाईलमध्ये नुसत्या 'गाईड' नावाचा छापला जाणारा लेयर असला, तर तुमच्या सगळ्या मदतरेषा छापील नकाशात येतील.

रंग फिका घ्या. पडद्याची पार्श्वभूमी काळी असेल तर गडद राखाडी किंवा मंद निळा. मदतरेषा भिंतींपेक्षा ठळक दिसू लागल्या की नकाशा वाचता येत नाही.

ऑटोकॅडमध्ये 'डेफपॉइंट्स' नावाचा एक लेयर आढळेल. पहिलं माप टाकलं की तो आपोआप तयार होतो आणि कधीच छापला जात नाही. म्हणून अनेक जण मदतरेषा त्यावरच टाकतात. माझं मत स्पष्ट आहे, टाकू नका. मापांचे आधारबिंदू तिथे असतात. तुमच्या रेषा त्यांत मिसळल्या की त्या वेगळ्या लपवता, कुलूपबंद करता किंवा पुसता येत नाहीत. स्वतःचा लेयर करायला दहा सेकंद लागतात.

३. प्लॉटची हद्द आणि मार्जिनच्या रेषा

प्लॉटची हद्द मदतरेषा नाही. ती छापली गेली पाहिजे, म्हणून तिला वेगळा लेयर द्या आणि मोजणी नकाशावरच्या मापांनी काढा.

इथे आम्हाला मोठा धडा मिळाला. सगळे ज्याला '३० बाय ५०' म्हणत होते त्या आमच्या प्लॉटची पुढची बाजू ९.१४ मीटर आणि मागची ८.९५ मीटर निघाली. एका बाजूची हद्द किंचित तिरकी होती. डोळ्यांना कळत नव्हतं, टेपला कळलं.

आता मार्जिनच्या रेषा. ऑटोकॅडमध्ये एक्स-एल ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबा, की दोन्ही दिशांना अमर्याद जाणारी आखणीची रेषा मिळते. त्यात आडवी, उभी, कोनातली, कोन दुभागणारी आणि ऑफसेट असे पर्याय आहेत. ऑफसेट निवडा, अंतर द्या, हद्दीच्या रेषेवर क्लिक करा आणि आतल्या बाजूला क्लिक करा. हद्द तिरकी असेल तर रेषाही तितकीच तिरकी, बरोबर समांतर पडते. लिब्रेकॅडमध्ये रेषांच्या मेनूत समांतर रेषेचं साधन आहे, तेही हेच करतं.

उदाहरणासाठी पुढे ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना १.५ मीटर धरू. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घ्या. पुढच्या बाजूच्या ९.१४ मीटर रुंदीतून डावी-उजवीकडचे दीड-दीड मिळून ३ गेले, राहिले ६.१४ मीटर. मी आधी हीच रुंदी धरून अख्खं घर काढलं होतं. समांतर मदतरेषा टाकल्यावर दिसलं की घराची मागची भिंत जिथे येते तिथे प्लॉटची रुंदी ८.९७ मीटरच आहे. म्हणजे घराला ५.९७ मीटर. १७ सेंटिमीटर गेले, आणि ते जिन्याच्या रुंदीतून जाणार होते. मदतरेषा नसती तर हे पायाच्या खोदाईच्या दिवशी कळलं असतं.

आणखी एक, मार्जिनच्या रेषेवर वीट टेकवू नका. बाहेरून साधारण २० मिमी प्लास्टर येतं. मी प्रत्येक मार्जिन-रेषेपासून २५ मिमी आत दुसरी मदतरेषा टाकली आणि भिंतीची बाहेरची कड तिच्यावर ठेवली. घराची बाहेरची रुंदी झाली ५९२० मिमी. लांबी १५.२४ मधून साडेचार मीटर आणि दोन्हीकडचे २५ मिमी वजा जाता १०,६९० मिमी.

४. भिंतींच्या रेषा

बाहेरची ९ इंची भिंत २३० मिमी आणि आतली साडेचार इंची भिंत ११५ मिमी धरतात. बाहेरच्या मदतरेषेपासून २३० मिमीवर दुसरी रेषा टाका. मग आडवा हिशोब असा: ५९२० मधून दोन भिंतींचे ४६० गेले, ५४६० राहिले. मधल्या भिंतीचे ११५ गेले, ५३४५ राहिले. एक खोली ३००० घेतली तर दुसरी २३४५.

हा हिशोब वहीतही करता येतो, पण रेषांवर केला की घरातल्या सगळ्यांना दिसतो. आमच्या सासूबाईंना देवघरासाठी आणखी अर्धा फूट हवा होता. मी एक मदतरेषा १५० मिमी सरकवली, आणि शेजारची खोली किती होते ते त्यांनी स्वतः पडद्यावर बघितलं. भिंती अजून काढल्याच नव्हत्या, म्हणून काही पुसावं लागलं नाही. भिंती शेवटी काढा असं मी कळकळीने सांगते ते यासाठीच. घरातली चर्चा रेषांवर होऊ द्या.

प्लास्टर आतूनही असतं, प्रत्येक बाजूला साधारण १२ मिमी. ३००० ची खोली राहायला गेल्यावर २९७६ मिळते. कपाट किंवा मॉड्युलर ओटा भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवायचा असेल, तर प्लास्टरच्या कडेचीही मदतरेषा टाका.

आखणी पटली की मदतरेषांच्या लेयरला कुलूप लावा. कुलूपबंद लेयरवरच्या रेषा हलत नाहीत, पुसल्या जात नाहीत, तरी त्यांच्या छेदबिंदूंवर माउस चिकटतो. आता भिंतींचा लेयर चालू करा आणि छेदबिंदू जोडत भिंती काढा.

५. छापायच्या सेंटर लाईन वेगळ्या ठेवा

सगळ्या आखणीच्या रेषा लपवायच्या नसतात. कॉलमच्या मध्यरेषा, म्हणजे ए, बी, सी आणि १, २, ३ अशी नावं दिलेली जाळी, साइटवर लागते. लाईनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करायच्या, दिवशी चुन्याची फक्की मारताना गवंडी भिंत बघत नाही, सेंटर लाईन बघतो. तिच्यासाठी छापला जाणारा वेगळा लेयर करा आणि रेषा तुटक-ठिपक्याची द्या. मंजुरीच्या किंवा घरच्या प्रतीत ती नको असेल तेव्हा तेवढा लेयर तात्पुरता बंद करा.

मी कसोटी अशी लावते: ही रेषा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला वाचावी लागणार आहे का? लागणार असेल तर ती मदतरेषा नाही.

६. दर्शनी भाग आणि छेद

मदतरेषा सगळ्यात जास्त कामी येतात त्या इथे. प्लॅन वर ठेवा आणि त्याच्या बरोबर खाली मोकळी जागा सोडा. प्लॅनमधल्या प्रत्येक दार-खिडकीच्या दोन्ही कडांवरून उभ्या रेषा खाली सोडा. मग जमिनीपासून आडव्या रेषा टाका. आमच्या घरासाठी मी धरलेली पातळ्यांची मापं अशी होती: जमीन ०, जोतं ६०० मिमी, खिडकीचा खालचा काठ जोत्यापासून ९०० वर म्हणजे १५००, लिंटेलची, म्हणजे दार-खिडकीवरच्या तुळईची, खालची बाजू जोत्यापासून २१०० वर म्हणजे २७००, आणि वरच्या मजल्याची फरशी ३६०० वर. उभ्या-आडव्या रेषा जिथे छेदतात तिथे खिडकी आपोआप सापडते, माप पुन्हा टाकावं लागत नाही. नंतर प्लॅनमध्ये खिडकी सरकली तर उभी रेषा सरकवायची, दर्शनी भागातली चूक लगेच दिसते.

जिन्यासाठीही असंच. मजल्याची उंची ३००० मिमी आणि १८ पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पायरीची उंची १६६.७ मिमी. छेदात, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसणाऱ्या चित्रात, १८ आडव्या मदतरेषा टाका आणि २५० मिमीवर उभ्या. मध्ये वळणारा जिना असेल तर एका बाजूला ९ उंच्या आणि त्यांच्यामध्ये ८ पाट, म्हणजे पाय ठेवायच्या सपाट जागा, येतात. झाली २००० मिमी लांबी, शिवाय वळणावरचा चौथरा. चौथऱ्याखालून जाताना डोकं आपटेल का, हेही या जाळीत मोजून बघा. आमच्याकडे चौथऱ्याखाली दीड मीटरही उंची मिळत नव्हती, म्हणून तिथून काढलेलं मागचं दार आम्ही रद्द केलं.

७. सापळे

सगळ्यात वाईट सापळा मी स्वतः अनुभवला आहे. मदतरेषा टाकून झाल्या, लेयर बदलायची विसरले, आणि संडास-बाथरूममधली भिंत मदतरेषांच्याच लेयरवर काढली गेली. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. छापील कागदात ती भिंत नव्हती. कागद घेऊन गवंड्याने फक्की मारली आणि मग विचारलं, "ताई, संडास-बाथरूम एकत्रच करायचंय ना?" त्याने विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी भिंती काढण्याआधी मदतरेषांच्या लेयरला न चुकता कुलूप लावते, आणि छापण्याआधी तो लेयर पूर्ण लपवून नकाशा एकदा पडद्यावर बघते. जे तिथे दिसत नाही ते कागदावरही येणार नाही.

हॅच भरताना, म्हणजे भिंतीत किंवा फरशीत नक्षी भरताना, मदतरेषांचा लेयर फ्रीझ करा, म्हणजे गोठवून लपवा. सॉफ्टवेअर दिसणारी प्रत्येक रेषा हद्द समजतं, त्यामुळे खोलीऐवजी चौकोनाचा एखादा तुकडाच भरला जातो. बंदिस्त जागेत क्लिक करून खोलीचं क्षेत्रफळ काढतानाही हेच होतं.

ऑफ आणि फ्रीझ एकसारखे वाटतात, पण ऑटोकॅडमध्ये पुसताना 'ऑल' निवडलं तर ऑफ केलेल्या लेयरवरच्या वस्तूही पुसल्या जातात, फ्रीझ केलेल्या राहतात. जपायचं असेल तर फ्रीझ.

ऑटोकॅडमधली अमर्याद रेषा दोन्हीकडून ट्रिम केली, म्हणजे कापली, की ती साधी रेषा होते, पण लेयर मदतरेषांचाच राहतो. ट्रिम करून भिंत बनवली असेल तर तिचा लेयर बदलायला विसरू नका.

आणि मूळ फाईल पाठवली तर समोरच्याला मदतरेषा दिसणारच, कारण त्या फक्त छपाईत लपतात. नातेवाईकांना, ठेकेदाराला पीडीएफ पाठवा. इंजिनिअरला मूळ फाईल द्यावी लागते, तेव्हा सोबत एका ओळीत लिहा की अमुक लेयर आखणीचा आहे. लिब्रेकॅडची डीएक्सएफ फाईल ऑटोकॅडमध्ये उघडल्यावर त्या लेयरची छपाईची खूण पुन्हा तपासून घ्या.

थ्रीडीसाठी स्केचअप वापरत असाल तर तिथे टेप मेजर साधनाने कडेपासून ओढलं की ठिपक्यांची मदतरेषा पडते. व्ह्यू मेनूतून त्या सगळ्या एकदम लपवता येतात आणि एडिट मेनूतून एकदम पुसता येतात.

८. छपाई

आधी पीडीएफ करा, मग कागद. १:१०० ला आमचा प्लॉट कागदावर ९१ बाय १५२ मिमी येतो, ए-फोरवर आरामात बसतो. १:५० ला ३०५ मिमी लांबी होते, त्याला ए-थ्री लागतो. 'कागदावर मावेल तसं' हा पर्याय टाळा, त्याने प्रमाण मोडतं. छापल्यावर एका भिंतीवर पट्टी ठेवून बघा: १:१०० मध्ये ३ मीटरची खोली ३० मिमी भरली पाहिजे.

९. मदतरेषा पुसू नका

नकाशा झाला की साफसफाई करावीशी वाटते. लेयर फ्रीझ करा, पण रेषा ठेवा. बांधकाम सुरू झाल्यावर बदल येतातच, आणि तेव्हा हीच दोरी पुन्हा हातात लागते.

त्याच लेयरवर घराच्या बाहेरच्या चौकोनाचे दोन कर्णही काढून ठेवा आणि त्यांची लांबी छापील सेंटर लाईन नकाशावर आकड्यात लिहा. ५९२० बाय १०,६९० च्या चौकोनाचा कर्ण १२.२२ मीटर येतो. लाईनआउटच्या दिवशी दोरी बांधून झाली की दोघांनी टेप धरून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायचे. आमचा एक १२.२२ भरला आणि दुसरा १२.२६. गवंड्याने मागची खुंटी उपटून थोडी सरकवली, पुन्हा मोजलं, आणि दोन्ही सारखे आल्यावरच फक्की मारली.